मागाच्या शेडमधला छोटा संगणक : नेट वारंवार का तुटते?

खानापूर तालुक्यातील विटा हे गाव दोन धंद्यांनी ओळखले जाते. एक यंत्रमागाचा आणि दुसरा सोने-चांदीच्या गलाईचा. पहिल्या धंद्यात माणूस गावात राहून कापड विणतो, तर दुसऱ्यात घरदार सोडून देशाच्या कानाकोपऱ्यात दुकान थाटतो. दोन्ही धंद्यांचा प्राण मात्र एकच आहे, तो म्हणजे बिनचूक मोजमाप. विणकराकडे मीटर आणि पिक, गलाईवाल्याकडे ग्रॅम आणि टंच. मोजण्यात खोट आली की धंद्यातली बरकत गेली, हे आपल्या वडीलधाऱ्यांनी लहानपणापासून सांगितले आहे.

हे मोजण्याचे काम हळूहळू वहीवरून यंत्राकडे चालले आहे. त्यासाठी मोठा संगणक लागत नाही. पत्त्याच्या पानाएवढ्या एकाच पट्टीवर अख्खा संगणक मावतो. या जातीतला सर्वांत परिचित संगणक म्हणजे ‘रास्पबेरी पाय’. शाळकरी मुलांना संगणक हाताळता यावा या हेतूने इंग्लंडमधील केंब्रिज येथील मंडळींनी तो तयार केला आणि फेब्रुवारी २०१२ मध्ये तो विक्रीस आला. किंमत कमी आणि वीज थोडी, म्हणून तो शाळेतून कारखान्यात शिरला. मागाचे पिक मोजणे, दुकानातील कॅमेरे सांभाळणे, भावाचा फलक चालवणे अशी कामे तो करू शकतो.

हा संगणक बसवणाऱ्यांना सर्वांत जास्त छळणारी तक्रार एकच असते: “नेट टिकत नाही. येते, जाते, पुन्हा येते.” पूर्ण बंद पडलेले यंत्र दुरुस्त करणे सोपे असते. अधूनमधून बंद पडणारे यंत्र शोधणे अवघड. मग मालक आधी राउटर बदलतो, नंतर नेट देणारी कंपनी बदलतो, शेवटी संगणकच बदलतो. पैसे जातात आणि दोष जागच्या जागी राहतो. हा दोष पायरीपायरीने कसा पकडायचा, हे या लेखात पाहू.

दहा मिनिटांचा हिशेब

प्रथम हे पाहू की नेट तुटल्याने नुकसान कोणाचे होते. बाण्याचा एक धागा म्हणजे एक पिक. मागाचा क्रँक शाफ्ट एकदा फिरला की एक पिक पडतो. त्या शाफ्टजवळ सेन्सर बसवला की प्रत्येक फेरीची खूण छोट्या संगणकाकडे जाते आणि तेथून नेटवर्कवरून कचेरीत पोहोचते.

समजा माग मिनिटाला १२० पिक टाकतो आणि कापड इंचाला ५२ पिकाचे आहे. नेट दहा मिनिटे तुटले आणि तेवढ्या वेळचे आकडे हरवले, तर एका मागाचे १,२०० पिक गेले. म्हणजे सुमारे २३ इंच कापड. एका कामगाराकडे सहा माग धरले तर हा आकडा साडेतीन मीटरवर जातो. असे पाळीत दोनदा घडले आणि महिन्याचे २६ दिवस धरले, तर १८० मीटरपेक्षा जास्त कापड हिशेबाबाहेर राहते.

कोणी म्हणेल, कापड तर घडी घालताना पुन्हा मोजले जाते, मग गेले काय? मालकाचे कापड जात नाही हे खरे. परंतु त्याच मागावर दिवसपाळीला एक आणि रातपाळीला दुसरा कामगार असतो. कोणी किती विणले हे ठरते ते पाळीच्या आकड्यावर. आकडा हरवला तर एकाची मजुरी दुसऱ्याच्या खात्यात जाते किंवा कोणाच्याच खात्यात जात नाही. मजुराचा हक्क ही मालकाकडे असलेली अमानत आहे. म्हणून नेट तुटण्याचा प्रश्न केवळ मिस्त्रीचा नाही, तो मालकाचाही आहे.

आधी साखळी ओळखा

छोट्या संगणकापासून बाहेरच्या जगापर्यंत एक साखळी असते. पहिली कडी वीज. दुसरी कडी संगणक ते राउटर, मग ती केबलने असो वा वाय-फायने. तिसरी कडी राउटर ते नेट देणारी कंपनी. चौथी कडी पत्त्यांची, म्हणजे कोणत्या यंत्राला कोणता क्रमांक मिळाला आहे. ‘नेट गेले’ हे शब्द या चारही कड्यांसाठी एकसारखेच वापरले जातात आणि सगळा घोटाळा तेथूनच सुरू होतो.

म्हणून नियम एकच ठेवावा: कडी सापडल्याशिवाय वस्तू विकत घेऊ नये आणि एका वेळी एकच गोष्ट बदलावी. दोन गोष्टी एकदम बदलल्या आणि नेट सुधारले, तर दोष कोणता होता हे कधीच कळत नाही.

पहिली कडी : वीज

नेट तुटण्याचे मूळ पुष्कळदा नेटमध्ये नसून चार्जरमध्ये असते. छोट्या संगणकाला ५ व्होल्ट लागतात. रास्पबेरी पायच्या तिसऱ्या पिढीला अडीच अँपिअरचा, चौथ्या पिढीला तीन अँपिअरचा आणि पाचव्या पिढीला पाच अँपिअरचा चार्जर सांगितलेला आहे. घरातला मोबाईलचा जुना चार्जर आणि बाजारातली बारीक लांब वायर जोडली, तर संगणक सुरू होतो, पण तग धरत नाही.

कारण साधे आहे. समजा वायरीचा रोध ०.३ ओहम आहे. तिच्यातून दोन अँपिअर वीज गेली की ०.६ व्होल्ट वाटेतच खर्च होतात. चार्जरपाशी ५.१ व्होल्ट असले तरी संगणकापाशी ४.५ उरतात. दाब सुमारे ४.६३ व्होल्टच्या खाली गेला की रास्पबेरी पाय त्याला कमी दाब समजतो. पडदा जोडलेला असेल तर कोपऱ्यात विजेची पिवळी खूण दिसते. तिसऱ्या पिढीच्या संगणकावरचा लाल दिवा अशा वेळी मिणमिणतो किंवा विझतो. आतल्या नोंदीत ‘अंडर-व्होल्टेज डिटेक्टेड’ अशी ओळही उमटते. कमी दाबाचा पहिला फटका बसतो तो यूएसबीवर लावलेल्या डोंगलला आणि वाय-फायला, कारण माहिती पाठवताना त्यांनाच झटक्याने जास्त वीज लागते.

उपाय: कंपनीने सांगितलेल्या क्षमतेचा चार्जर आणि आखूड, जाड वायर. डोंगल किंवा हार्ड डिस्क असेल तर तिला स्वतंत्र वीज असलेल्या हबवर लावावे.

विजेचा दुसरा त्रास राउटरला होतो. शेडमध्ये बरेच माग एकदम सुरू झाले की दाब क्षणभर खाली येतो. वीज डोळा मिटण्याइतका वेळ गेली तरी राउटर आणि फायबरची पेटी पुन्हा पहिल्यापासून सुरू होतात आणि त्यात दोन-तीन मिनिटे जातात. दिवे तर चालू दिसतात, म्हणून वीज गेली होती हे कोणाच्या ध्यानातच येत नाही. राउटरसाठी मिळणारा छोटा बॅटरी बॅकअप लावला की हा त्रास संपतो. बॅकअप घेताना राउटरच्या चार्जरवर लिहिलेला व्होल्टचा आकडा जुळवून घ्यावा. राउटर आणि फायबरची पेटी वेगवेगळ्या असतील, तर बॅकअप दोघांनाही हवा.

दुसरी परीक्षा : शंभर हाका

वीज ठीक असेल तर पुढची परीक्षा घ्यावी. प्रत्येक संगणकात ‘पिंग’ नावाची सोय असते. पिंग म्हणजे समोरच्या यंत्राला हाक मारणे आणि ओ मिळते का ते पाहणे. छोट्या संगणकावरून शंभर हाका राउटरला माराव्यात. राउटरचा क्रमांक सहसा १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१ असतो. सेकंदाला एक हाक धरली तर हे काम पावणेदोन मिनिटांत होते. त्यानंतर शंभर हाका बाहेरच्या एखाद्या यंत्राला माराव्यात. गुगलचा ८.८.८.८ हा क्रमांक यासाठी सगळीकडे वापरला जातो.

आता निकाल वाचा. राउटरच्याच हाका चुकत असतील तर दोष तुमच्या शेडमध्ये आहे, कंपनीला फोन करून उपयोग नाही. राउटरच्या शंभरही हाकांना ओ मिळते आणि बाहेरच्या चुकतात, तर दोष राउटरच्या पलीकडे आहे आणि कंपनीकडे तक्रार करण्यास तुमच्या हातात पुरावा आहे. दोन्हीकडून ओ मिळते, पण संकेतस्थळ नावाने उघडत नाही, तर दोष नावावरून क्रमांक शोधून देणाऱ्या सोयीत आहे. तिला डीएनएस म्हणतात. राउटरमध्ये डीएनएसचा दुसरा क्रमांक भरून पाहावा.

केबलने जोडलेल्या संगणकाची राउटरला मारलेली एकही हाक चुकता कामा नये. वाय-फायवर एखाददुसरी चुकली तर चालते, पाच-दहा चुकल्या तर दोष आहे असे समजावे.

ही परीक्षा दोनदा घ्यावी, एकदा सर्व माग चालू असताना आणि एकदा बंद असताना. ज्या शेडमध्ये जुम्याच्या नमाजासाठी माग थांबतात, तेथे ती वेळ या कामाला सोयीची आहे. नमाजाला निघण्यापूर्वी परीक्षा सुरू करून ठेवावी आणि परतल्यावर निकाल पाहावा. माग बंद असताना नेट नीट आणि चालू असताना खराब, असे दिसले तर दोष विजेत, केबलमध्ये किंवा थरथरीने सैल झालेल्या जोडात शोधावा.

वाय-फाय, पत्रा आणि लोखंड

वाय-फाय म्हणजे रेडिओच्या लहरी. धातू त्यांना अडवतो आणि परतवतो. आपली शेड म्हणजे वर पत्रा आणि खाली ओळीने उभे लोखंडी माग. अशा जागी कचेरीत ठेवलेल्या राउटरची लहर शेडच्या शेवटच्या टोकाला पोहोचत नाही. कधी पोहोचते, कधी नाही, म्हणूनच नेट येते आणि जाते.

यावर पुढील गोष्टी कराव्यात. राउटर शेडमध्येच, मागांच्या माथ्यापेक्षा उंच लावावा. छोटा संगणक तुसापासून वाचवण्यासाठी लोखंडी डबीत ठेवलेला असेल तर तो प्लास्टिकच्या डबीत घालावा, कारण त्याचा अँटेना पट्टीवरच असतो आणि लोखंडी डबी त्याचे तोंड बंद करते. डबीला हवेसाठी छिद्रे असावीत आणि आठवड्यातून एकदा तूस झाडावे. तुसाचा थर बसला की उष्णता आत कोंडते आणि ८० अंशांच्या पुढे गेल्यावर हा संगणक आपली गती स्वतःच कमी करतो.

बाजारपेठेत शेजारीपाजारी दहा-बारा राउटर असतात. २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात १, ६ आणि ११ हे तीनच चॅनेल एकमेकांच्या आड येत नाहीत. मोबाईलवरील एखाद्या ॲपने शेजाऱ्यांचे चॅनेल पाहून त्यातल्या त्यात मोकळा चॅनेल राउटरमध्ये कायम करून टाकावा. संगणकाच्या सेटिंगमध्ये देश म्हणून भारत निवडलेला आहे ना, हेही पाहावे. देश चुकला तर काही चॅनेल त्याला दिसतच नाहीत.

आणखी दोन बारीक कारणे आहेत. रास्पबेरी पायमध्ये वाय-फायची वीजबचत सोय मुळातच चालू असते. काम नसले की वाय-फाय डुलकी घेते आणि हाकेला ओ उशिरा देते. सतत चालणाऱ्या कामासाठी ही सोय बंद करून घ्यावी. दुसरे म्हणजे चौथ्या पिढीपासून या संगणकाला निळ्या रंगाचे वेगवान यूएसबी जोड आहेत. त्यावर हार्ड डिस्क लावली की तिच्या वायरीतून निघणारा गोंगाट नेमका २.४ गिगाहर्ट्झच्या वाय-फायला त्रास देतो. डिस्क चांगल्या आवरणाच्या वायरीने दूर ठेवावी किंवा वाय-फाय ५ गिगाहर्ट्झवर न्यावे. ५ गिगाहर्ट्झची लहर मात्र भिंतीपलीकडे कमी जाते, हे लक्षात असू द्यावे.

केबल : स्वस्त घेतली की महाग पडते

मागाच्या शेडमध्ये वाय-फायपेक्षा केबल बरी. संगणक एका जागी पक्का बसवायचा असेल तर केबलच टाकावी. पण केबलीचेही नियम आहेत. एका सलग केबलीची लांबी १०० मीटरच्या आत असावी. केबल शुद्ध तांब्याची असावी. बाजारात ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली केबल स्वस्त मिळते. तिचा रोध जास्त असतो आणि ती वाकवताना लवकर तुटते. सोन्याच्या मुलाम्याला सोने न म्हणणाऱ्या गावाने येथेही तोच नियम लावावा. पारखायचे असेल तर तार कापून टोक चाकूने खरवडावे. आत पांढरी दिसली तर परत करावी.

मोटारीच्या वायरींबरोबर एकाच पाइपातून नेटची केबल नेऊ नये. किमान फूटभर अंतर ठेवावे आणि ओलांडायचीच असेल तर काटकोनात ओलांडावी. टोकाच्या प्लगमध्ये आठ तारा असतात. १०० च्या वेगाला त्यातल्या चार पुरतात, १००० च्या वेगाला आठही लागतात. एखादी तार नीट चेपली गेली नसेल तर यंत्रे कधी या वेगावर तर कधी त्या वेगावर जुळू पाहतात आणि दर वेळी नेट क्षणभर तुटते. अशा वेळी दोन्ही टोकांचे प्लग कापून नवे चेपावेत. हा खर्च फारच थोडा असतो आणि दुसरे काहीही बदलण्याआधी तो करून पाहावा. प्लगची खुंटी मोडलेली असेल तर मागाच्या थरथरीने तो हळूहळू बाहेर सरकतो, तेही पाहावे.

शेड आणि घर वेगळ्या इमारतींत असतील तर मधली उघड्यावरची जोडणी तांब्याच्या केबलीने न करता फायबरने करावी. वळवाच्या पावसात वीज कडाडली की तांब्याच्या तारेतून आलेला झटका दोन्हीकडची यंत्रे जाळू शकतो. काचेच्या तंतूतून वीज वाहत नाही.

एका क्रमांकाचे दोन धनी

कधी वीज, वाय-फाय, केबल सर्व ठीक असते आणि तरी नेट तुटते. तेव्हा पत्त्याची कडी तपासावी. राउटर प्रत्येक यंत्राला एक क्रमांक देतो. कॅमेऱ्याची पेटी किंवा हजेरीचे यंत्र बसवणारा कारागीर कधी त्याला हाताने कायमचा क्रमांक देऊन जातो. पुढे राउटर तोच क्रमांक अजाणता छोट्या संगणकाला देतो. एका पत्त्यावर दोन घरे झाली की टपाल कधी इकडे, कधी तिकडे जाते. विशिष्ट यंत्र सुरू केल्यावरच नेट जाते, ही या दोषाची खूण. उपाय असा, की राउटरमध्येच प्रत्येक यंत्राच्या नावे क्रमांक राखून ठेवावा आणि त्याची यादी राउटरजवळ भिंतीवर चिकटवावी.

गलाईच्या दुकानात

वर सांगितलेले बहुतेक सर्व गलाईच्या दुकानालाही लागू आहे. एक गोष्ट तेथे जास्तीची आहे. तेजाबाच्या वाफा तांब्या-पितळेला खातात. प्लगच्या बारीक पट्ट्यांवर हिरवट थर चढतो आणि जोड वरून घट्ट दिसत असूनही आत संपर्क सुटतो. म्हणून संगणक, राउटर आणि त्यांचे जोड भट्टी व तेजाबाच्या जागेपासून दूर, वेगळ्या खोलीत असावेत. प्लग काढून पाहिल्यावर पट्ट्या काळ्या किंवा हिरव्या दिसल्या तर पुसत बसू नये, नवा प्लग चेपावा.

नेट गेले तरी हिशेब राहिला पाहिजे

इतके सर्व केले तरी नेट कधीच तुटणार नाही असे नाही. खोदकामात फायबर तुटते, वादळात वीज जाते. तवक्कुल म्हणजे हातावर हात ठेवून बसणे नव्हे, आपल्याकडची तजवीज आधी पूर्ण करायची असते. ती तजवीज अशी.

पहिली गोष्ट, आकडा आधी जागेवरच्या कार्डात लिहिला गेला पाहिजे आणि नंतर कचेरीत पाठवला गेला पाहिजे. नेट नसेल तर तो साठून राहावा आणि नेट आल्यावर जावा. प्रोग्रॅम करून देणाऱ्याला हे आधीच स्पष्ट सांगावे आणि पैसे देण्यापूर्वी त्याच्यासमोर केबल काढून, दहा मिनिटे थांबून, पुन्हा लावून खात्री करावी. दोन्हीकडचे आकडे जुळले तरच काम पुरे झाले.

दुसरी गोष्ट घड्याळाची. रास्पबेरी पायमध्ये चौथ्या पिढीपर्यंत स्वतःचे घड्याळ नाही. तो वेळ नेटवरून घेतो. वीज जाऊन आली आणि नेट आले नाही, तर तो जुन्याच वेळेपासून पुढे मोजू लागतो. मग रात्री दहाचे काम संध्याकाळी सातला लिहिले जाते आणि रातपाळीवाल्याचे पिक दिवसपाळीवाल्याच्या नावावर चढतात. यासाठी बॅटरीवर चालणारा घड्याळाचा छोटा सुटा भाग मिळतो, तो लावून घ्यावा. पाचव्या पिढीत घड्याळ आहे, पण त्याची बॅटरी वेगळी घ्यावी लागते.

तिसरी गोष्ट, शेडमध्ये एक साधी वही ठेवावी. नेट कधी गेले, कधी आले, त्या वेळी काय चालले होते, एवढेच तीन रकाने. आठ दिवसांत वहीच सांगू लागते की नेट रोज पाळी बदलताना जाते, पाऊस आला की जाते, की शेजारी वेल्डिंग सुरू झाले की जाते. या वहीची एक प्रत कामगारांनाही पाहता यावी. कोणाचा आकडा राहिला असेल तर तो त्याच दिवशी, दोघांसमोर भरून काढता येतो.

आपल्या वस्त्यांतून मोबाईल दुरुस्ती करणारी हुशार मुले पुष्कळ आहेत. मल्टिमीटर धरणे त्यांना येते. केबल चेपणे आणि पिंगचा निकाल वाचणे ती थोड्या दिवसांत शिकू शकतात. मालकांनी त्यांना शेडमध्ये बोलवावे, काम द्यावे आणि कामाचे दाम वेळेवर चुकते करावेत. मुलांनीही दोष सापडल्याशिवाय ‘राउटर बदला’ असे सांगू नये. इन्शाअल्लाह, त्यातून त्यांना हलाल रोजी मिळेल, मालकाचा फुकटचा खर्च वाचेल आणि रातपाळीच्या विणकराला त्याने विणलेल्या प्रत्येक मीटरची मजुरी मिळेल.